रेघ कोणाची, शाई कोणाची?

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला दलित साहित्य शिकवत होतो. दलित पँथरच्या स्थापनेपर्यंत आलो, फळ्यावर १९७२ हा आकडा लिहिला, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘सर, पँथर हे नाव त्या पिक्चरवरून घेतले का?’ वर्ग हसला. २०१८ साली आलेला ‘ब्लॅक पँथर’ हा अमेरिकन सिनेमा त्याने मोबाइलवर पाहिला होता. मी पटकन उत्तर दिले : नाही, ते नाव अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. मुलगा खाली बसला. तास संपला.

पण ते उत्तर मला पुरेसे वाटले नाही. घरातून कॉलेजात जाणारा पहिला मुलगा म्हणून मीही एकदा असाच प्रश्न विचारला होता आणि असाच हशा पिकला होता. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. विचारणाऱ्याला पुरते उत्तर देणे ही शिक्षकाची किमान जबाबदारी आहे. म्हणून शोध घेत गेलो. त्या शोधात ज्या माणसापर्यंत पोचलो त्याचे नाव बिली ग्रॅहम. (याच नावाचा एक जगप्रसिद्ध ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊन गेला, तो वेगळा.) हा बिली ग्रॅहम अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या धंद्यातला चित्रकार होता, आणि काळा होता. आपल्या वाचकाला त्याचे नाव माहीत असण्याचे काही कारण नाही. पण त्याच्या कारकिर्दीतून जो प्रश्न निघतो तो आपलाही प्रश्न आहे, असे मला वाटते.

आधी नावाचा उलगडा करू.

अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा नावाचे राज्य आहे. तिथल्या लाउंड्स परगण्यात बहुसंख्य लोक काळे; पण १९६५ सालच्या सुरुवातीला मतदार यादीत जवळजवळ एकही काळा माणूस नव्हता. तिथल्या काळ्यांनी आपला स्वतंत्र पक्ष काढला आणि निवडणूक चिन्ह म्हणून काळा पँथर घेतला. चिन्ह कशासाठी? मतदारांतल्या अनेकांना अक्षर वाचता येत नव्हते म्हणून. समोरच्या गोऱ्यांच्या पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि त्याच्याबरोबर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. म्हणजे ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांच्यासाठी काढलेले ते एक चित्र होते. तेच चित्र ऑक्टोबर १९६६मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यू न्यूटन आणि बॉबी सील यांनी आपल्या पक्षासाठी उचलले. आपल्याकडे पोचले ते नाव हे.

कॉमिक्समधला ब्लॅक पँथर त्याआधी काही महिने आला. मार्व्हल या कंपनीच्या ‘फँटॅस्टिक फोर’ मासिकाच्या ५२व्या अंकात, जुलै १९६६मध्ये. स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोघा गोऱ्यांनी तो उभा केला : वाकांडा नावाच्या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा टिचाला. म्हणजे हा नायक पक्षावरून घेतलेला नाही, कारण तो आधीचा. आणि पक्षाचे नाव नायकावरून घेतलेले नाही, कारण ते लाउंड्सच्या मतपत्रिकेवरून आले.

पण पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. पक्षाचा बोलबाला झाला, पोलिसांशी चकमकी झाल्या, तेव्हा कंपनीला आपल्याच नायकाचे नाव जड झाले. फेब्रुवारी १९७२च्या ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये टिचाला स्वतःला ‘ब्लॅक लेपर्ड’ म्हणवतो. पक्षाशी आपले नाव जोडले जाऊ नये, एवढाच हेतू. लेपर्ड फार दिवस टिकला नाही, जुने नाव परत आले. त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अर्जुन डांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘पँथर’ हे नाव छातीठोकपणे धारण केले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण ज्या नावापासून बाजारपेठ पळ काढत होती तेच नाव आमच्या झोपडपट्टीतली पोरे डोक्यावर घेत होती, ही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

आता मुख्य मुद्दा. नायक काळा, पण त्याला काढणारे हात कोणाचे?

इथे धंद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकन कॉमिक्सचे पान एक माणूस करीत नाही. एक जण गोष्ट लिहितो. दुसरा जाड गुळगुळीत कागदावर पेन्सिलीने चित्रे आखतो. त्याला पेन्सिलर म्हणतात. तिसरा अक्षरे लिहितो. चौथा त्या पेन्सिलीवर शाई चढवतो, तो इंकर. रंगांच्या सूचना आणखी कोणी देतो. हे सारे मग छापखान्याच्या कॅमेऱ्यापुढे जाते. त्या काळच्या कॅमेऱ्याला पेन्सिलीचा करडेपणा नीट पकडता येत नसे. त्याला हवी असे गडद काळी रेघ आणि स्वच्छ पांढरा कागद. म्हणून इंकर हवा. कुंचला किंवा टोकदार निब आणि काळी शाई ही त्याची हत्यारे. गंमत अशी की त्या शाईला तिकडे ‘इंडिया इंक’ म्हणतात.

लोकांना वाटते, इंकर म्हणजे गिरवणारा. तसे नाही. पेन्सिलीची रेघ सारखीच असते. ती कुठे जाड करायची, कुठे केसासारखी बारीक ठेवायची, पानावर काळोख कुठे टाकायचा, कापड कापडासारखे आणि लोखंड लोखंडासारखे कसे दिसेल, हे इंकर ठरवतो. एकाच पेन्सिलरची पाने दोन इंकरांना दिली तर दोन वेगळी माणसे काढल्यासारखी दिसतात. छापून येते ती शाई. पेन्सिल शेवटी खोडरबराने पुसली जाते. तरीही मानाचे स्थान पेन्सिलरचे, आणि इंकरचे नाव त्याच्या मागे.

मला हे लवकर कळले, कारण आमच्या घरात ते होते. माझे वडील तालुक्याच्या गावी एका पेंटरच्या हाताखाली पाट्या रंगवत. दुकानाच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, निवडणुकीच्या घोषणा, जयंतीचे कापडी फलक. खडूने आखणी मालक करी, रंग वडील भरत. खाली कोपऱ्यात सही मालकाची. एका देवळाच्या कमानीचे काम आले तेव्हा ‘तू भिंत घासून दे’ एवढेच त्यांना सांगितले गेले. अक्षरे भरायला त्या दिवसापुरता दुसरा माणूस बोलावला. मी एकदा रागाने विचारले की सही तुमची का नाही? ते म्हणाले, ‘आखणी त्यांची आन् भरणी आपली. पर उन्हापावसात टिकती ती भरणीच.’ पुढे फ्लेक्सची मशिने आली आणि आखणी-भरणी दोन्ही गेली. तो विषय वेगळा.

काळ्या माणसाच्या चित्राच्या बाबतीत ही भरणी किती महत्त्वाची ठरते हे पाहण्यासाठी जुनी पाने उघडावी लागतात. १९४०च्या दशकात विल आयस्नरच्या गाजलेल्या ‘स्पिरिट’ मालिकेत एबनी व्हाइट नावाचा काळा पोर आहे : फुगीर ओठ, बटाट्यासारखे डोळे, तोडकी भाषा. १९४१च्या ‘यंग अलाइज’ या मार्व्हलच्याच पूर्वज कंपनीच्या मासिकात असाच एक मुलगा आहे, त्याचे नावच व्हाइटवॉश जोन्स. गोऱ्या पोरांना चेहरे, काळ्या पोराला मुखवटा. हे एखाद्या दुष्ट माणसाचे काम नव्हते. ती धंद्याची रूढ रेघ होती. प्रस्थापित संस्कृती आपल्या मनात जे भरते ते हातातून आपोआप उतरते. म्हणून कोणाचा हात, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही.

आणि चेहरा माणसाचा काढला तर काय होते? १९५३ साली ईसी या प्रकाशनाने ‘जजमेंट डे’ ही कथा छापली. लेखक अल फेल्डस्टाइन, चित्रकार जो ऑर्लँडो. पृथ्वीचा एक प्रतिनिधी यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला जातो. तिथे नारिंगी यंत्रमानव सुखात, आणि निळे यंत्रमानव गावाच्या दुसऱ्या टोकाला, हलक्या कामात. आतली यंत्रे एकच. फरक फक्त वरच्या कवचाच्या रंगाचा. प्रतिनिधी निकाल देतो की हा ग्रह अजून आकाशगंगेच्या संघात येण्यास लायक नाही. परत जाताना तो शिरस्त्राण काढतो. आत काळ्या माणसाचा चेहरा, त्यावर घामाचे थेंब. १९५६च्या सुरुवातीला ईसीने ही कथा पुन्हा छापायला घेतली. तोवर कॉमिक्सवर धंद्याचीच नियामक संस्था बसली होती. तिच्या प्रमुखाने हरकत घेतली : तो माणूस काळा असता कामा नये. प्रकाशक बिल गेन्सने ऐकले नाही आणि कथा आहे तशी छापली. पण त्यानंतर त्याने रंगीत कॉमिक्सचा धंदाच आवरता घेतला. गावकुसाचे चित्र आपण वेगळे काय काढणार? आक्षेप कथेवर नव्हता. आक्षेप एका चेहऱ्यावर होता.

त्या काळात धंद्यात काळे चित्रकार अगदी बोटांवर मोजण्याइतके. मॅट बेकर हा त्यातला सर्वांत कुशल. १९४४च्या सुमारास कामाला लागला आणि गोऱ्या रूपवतींच्या चित्रांसाठी नावाजला. जमाव काळ्यांना झाडाला लटकावत होता त्या देशात हजारो गोरे वाचक एका काळ्या माणसाच्या रेघेवर लुब्ध होते, आणि बहुतेकांना ते ठाऊकही नव्हते. १९५९ साली तो अवघ्या ३७व्या वर्षी वारला. त्याने हात दिला. चेहरा मात्र लपून राहिला.

बिली ग्रॅहम या पार्श्वभूमीवर येतो. जन्म १ जुलै १९३५, न्यूयॉर्क. शिक्षण तिथल्याच संगीत आणि कला शिकवणाऱ्या सार्वजनिक हायस्कुलात. कॉमिक्समधले त्याचे पहिले ज्ञात काम १९६९चे, म्हणजे वयाच्या चौतिशीतले. वॉरन या प्रकाशनाच्या ‘व्हॅम्पिरेला’ या भयकथांच्या मासिकाच्या पहिल्याच अंकात त्याची चित्रकथा आहे. वॉरनची मासिके कृष्णधवल असत. रंगांचा आधार नाही. जे काही सांगायचे ते काळ्या शाईनेच. ग्रॅहम तिथे पेन्सिलही करी आणि शाईही. या तालमीत त्याचा हात तयार झाला. मालक जेम्स वॉरनने त्याला कला संपादक केले. एका गोऱ्या मालकाच्या प्रकाशनात, १९७०च्या आसपास, काळा माणूस इतरांच्या चित्रांवर निर्णय देण्याच्या खुर्चीवर बसतो, ही त्या धंद्यात दुर्मीळ गोष्ट होती.

मग मार्व्हल. मुखपृष्ठावर जून १९७२ ही तारीख असलेला ‘ल्यूक केज, हिरो फॉर हायर’चा पहिला अंक निघाला. किंमत वीस सेंट. काळा अतिमानवी नायक स्वतःच्या नावाने मासिकाचा मालक व्हावा, असे प्रथमच घडत होते. कथा अशी : हार्लेममधला कार्ल ल्यूकस खोट्या आरोपाखाली तुरुंगात पडतो. सुटकेच्या आशेने तो एका डॉक्टरच्या प्रयोगाला शरीर देतो. वंशद्वेष्टा पहारेकरी त्याला मारण्यासाठी यंत्राशी छेडछाड करतो. पण उलटेच होते, त्याची कातडी पोलादासारखी कठीण बनते. भिंत फोडून तो पळतो, नाव बदलतो आणि पैसे घेऊन लोकांची कामे करू लागतो. कमरेला पट्ट्याऐवजी साखळी.

ही कथा लिहिली आर्ची गुडविनने, वेष आखला जॉन रोमिटाने, पेन्सिल केली जॉर्ज टस्काने. तिघेही गोरे. आणि शाई बिली ग्रॅहमची. खोट्या आरोपात सडणाऱ्या काळ्या कैद्याच्या चित्रावर शेवटची रेघ, म्हणजे वाचकाच्या डोळ्यांपर्यंत पोचणारी रेघ, काळ्या माणसाच्या हातची होती. आखणी त्यांची, भरणी याची. टस्का हा ग्रॅहमच्या आवडत्या चित्रकारांपैकी एक, तेव्हा ही शाई तो कमीपणाने करीत नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

पण तो तिथेच थांबला नाही. ‘हिरो फॉर हायर’ या नावाने सोळा अंक निघाले. त्या काळात तो कधी शाई, कधी पेन्सिल करीत राहिला, आणि काही अंकांच्या लेखनातही त्याचे नाव आहे. दुसऱ्याच्या रेघेवरून स्वतःच्या रेघेकडे, आणि रेघेवरून शब्दाकडे, असा तो प्रवास आहे. सतराव्या अंकापासून मासिकाचे नाव बदलले.

माझे एक कार्यकर्ते मित्र म्हणाले, ‘अहो सर, हा भाडोत्री नायक. काळ्यांचा संताप बाजारात विकणाऱ्या कंपनीचा माल. यात चळवळीचे काय?’ त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. १९७१च्या ‘शाफ्ट’सारख्या सिनेमांनी काळ्या नायकाला तिकीट खिडकीवर किंमत आणली होती, आणि केज हा त्या लाटेचाच माल होता. नायक क्रांती करीत नाही. तो कामाचे पैसे मागतो. पण ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून घालवल्या त्यांच्या तोंडी ‘माझ्या कामाचे पैसे टाका’ हे वाक्य साधे आहे का? वेठबिगारी भोगलेल्या समाजाने तरी ते साधे म्हणू नये.

ग्रॅहमचे खरे मोठे काम त्यानंतरचे. मार्व्हलचे ‘जंगल ॲक्शन’ नावाचे एक मासिक होते. त्यात १९५०च्या दशकातल्या जुन्या कथा पुन्हा छापल्या जात : आफ्रिकेच्या अरण्यात गोरे नायक-नायिका राज्य करतात आणि काळे लोक त्यांच्यामागे भाले घेऊन धावतात. डॉन मॅकग्रेगर हा कंपनीत मुद्रिते तपासणारा तरुण. त्याने हे वाचून तक्रार केली की आफ्रिकेतल्या कथांत आफ्रिकी नायक कुठे आहे? तेव्हा ते मासिक त्याच्याच गळ्यात टाकण्यात आले. सप्टेंबर १९७३च्या सहाव्या अंकापासून त्याने ब्लॅक पँथरची सलग कथा सुरू केली. मॅकग्रेगर गोरा होता. पहिले अंक काढणारे चित्रकारही गोरे. जुलै १९७४च्या दहाव्या अंकापासून पेन्सिल आली ग्रॅहमच्या हाती, आणि दोन वर्षे ती त्याच्याकडे राहिली. आता शाई इतर करीत, आखणी त्याची.

हे अंक पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. कथा वाकांडात घडते आणि पात्रे जवळजवळ सगळी काळी. नायक काळा, खलनायक काळा, मंत्री, सैनिक, म्हातारे, बायका, पोरे काळी. सगळेच काळे म्हटल्यावर ‘काळा’ हा एकच मुखवटा चालत नाही; प्रत्येकाला आपापला चेहरा द्यावाच लागतो. रागावलेला, थकलेला, बायकोशी भांडलेला, बापाच्या मरणाने सुन्न झालेला. पँथरही दगडाचा देव नाही. तो मार खातो, त्याचे कपडे फाटतात, अंग सोलते, तो पुन्हा उठतो. कथेचा शेवट तर विलक्षण आहे : राजाला धबधब्याच्या कड्यावरून खलनायक फेकणार, तेवढ्यात त्याला वाचवतो तो एक लहान मुलगा, ज्याचा बाप याच संघर्षात गेला आहे. त्या मुलाला मागच्या गर्दीतला काळा ठिपका न ठेवता माणूस करणे, हे चित्रकाराचे काम होते.

येथे आपल्याकडचा एक जुना वाद आठवतो : दलित साहित्य कोणी लिहावे? अनुभव महत्त्वाचा की जाणीव? मॅकग्रेगरपाशी जाणीव होती. तिच्याशिवाय ते मासिक बदललेच नसते, आणि हे ऋण नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण जाणिवेला चेहरा हवा असतो आणि चेहरा काढायला त्या चेहऱ्याच्या घरात वाढलेला हात असला तर फरक पडतो. दोघे एकत्र आले म्हणून ते काम झाले. जाणीव असणाऱ्याने जागा करून द्यावी आणि अनुभव असणाऱ्याने ती भरून टाकावी. यातला एकच पुरेसा आहे असे मला तरी म्हणता येत नाही.

जानेवारी १९७६पासून कथा आफ्रिकेतून अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात आली. आता समोर काल्पनिक राक्षस नव्हता. कु क्लक्स क्लॅन होती, ती खरी संघटना, जिने खऱ्या माणसांना मारले. एका अंकात पँथरला जळत्या क्रूसाला बांधलेले आहे. वाकांडात होते तोवर ठीक होते. स्वतःच्या अंगणात आल्यावर काय झाले? कथा अपुरी असतानाच नोव्हेंबर १९७६च्या चोविसाव्या अंकाने मासिक बंद पडले. विक्री कमी, हे कारण पुढे आले. ते असेलही. पण अपुरे राहिले ते नेमके तेच, हे विसरता येत नाही.

त्यानंतर ग्रॅहमचे काम विरळ होत गेले. १९८०च्या दशकात एक्लिप्स या छोट्या प्रकाशनाच्या ‘सेबर’ मालिकेचे काही अंक त्याने काढले. लेखक पुन्हा मॅकग्रेगर, नायक पुन्हा काळा. १९९७ साली ग्रॅहम वारला. २०१६मध्ये ‘ल्यूक केज’ ही मालिका पडद्यावर आली, २०१८मध्ये ‘ब्लॅक पँथर’ हा सिनेमा आला आणि जगभर त्याने अब्जावधी रुपये मिळवले. सिनेमातला खलनायक किलमाँगर हा त्याच ‘जंगल ॲक्शन’च्या कथेतला आहे. ज्या माणसाच्या हाताने ते जग पानावर उभे राहिले त्याला यातले काही पाहायला मिळाले नाही.

आणि पाहायला मिळाले असते तरी त्यात त्याचा वाटा किती असता? या धंद्याचा नियम असा होता की चित्रकाराला पानामागे ठरलेली मजुरी मिळे. पान कंपनीचे, पात्र कंपनीचे, पुढे होणारा नफा कंपनीचा. हा नियम गोऱ्यांनाही लागू होता. जॅक कर्बीसारखा दिग्गजही त्यात भरडला गेला. पण ज्यांच्यापाशी आधीच काही नाही त्यांच्यासाठी असा नियम दुहेरी जाच ठरतो, हे आपल्याला सांगायला नको.

म्हणून रेघ कोणाची आणि शाई कोणाची, याच्यापुढे तिसरा प्रश्न येतो : कागद कोणाचा? ही नुसती अलंकारिक भाषा नाही. १९४७ साली फिलाडेल्फियात ऑरिन इव्हान्स या काळ्या पत्रकाराने ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढले. लेखक, चित्रकार सगळे काळे. एकच अंक निघाला. दुसऱ्या अंकासाठी त्याला छपाईचा कागदच मिळू शकला नाही. आपल्याला ‘मूकनायक’ आठवावा : १९२० साली निघाला आणि तीन वर्षांत पैशाअभावी थांबला. विचार असतो, हात असतो, पण कागद दुसऱ्याचा असतो. पुढे १९९३ साली ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन आदी काळ्या कलावंतांनी माइलस्टोन ही स्वतःची कंपनी काढली. छपाई-वितरण मोठ्या कंपनीकडे दिले, पण पात्रांचे हक्क आपल्याकडे ठेवले. ग्रॅहमच्या पिढीने जे भोगले त्यातून शिकलेला हा धडा होता.

आपल्याकडे बाबासाहेबांचे चरित्र अमर चित्र कथेत १९७९ साली आले. २०११ साली ‘भीमायन’ आले, त्याची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी काढली. त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीच्या चौकटी नाकारल्या आणि आपल्या भिंतीवरच्या रेघांनी बाबासाहेबांची तहान काढली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून मी वर्गात दाखवतो आणि मुलांना हेच तीन प्रश्न विचारायला सांगतो. रेघ कोणाची? शाई कोणाची? कागद कोणाचा? जयंतीच्या फलकालाही हे प्रश्न विचारता येतात, पाठ्यपुस्तकातल्या चित्रालाही, आणि सिनेमालाही. कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या पेंटरांची, शाहिरांच्या मागे कोरस धरणाऱ्यांची, पत्रके हाताने लिहून चक्रमुद्रित करणाऱ्यांची नावे विचारून वहीत लिहून ठेवावीत. आपल्या चळवळीचा इतिहास आखणी करणाऱ्यांच्या नावाने पुष्कळ लिहिला गेला आहे; भरणी करणाऱ्यांची यादी अजून व्हायची आहे.

पुढच्या आठवड्यात त्या मुलाला मी हे सगळे सांगितले. वर्ग या वेळी हसला नाही. त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, ‘सर, मग पिक्चरच्या शेवटी नावे येतात त्यात त्यांचे असेल का?’ मी म्हटले, ‘बघ आणि मला सांग. पण शेवटपर्यंत बस. आपण पहिले नाव आले की उठतो.’